पाण्यातले चार बोल्ट

ज्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवून फार तर सहा महिने असं सांगितलं, त्याच दिवशी दुपारी डेअरीवाल्याची गाडी वर्कशॉपच्या दारात उभी होती आणि तिच्या इंजिनातलं तेल पांढरं झालं होतं.

मिस्त्री आणि त्याची बायको बसमधून उतरून चालत आले. घर वर्कशॉपच्या मागेच, दोन खोल्यांचं, त्यामुळे घरी जायचं म्हणजे वर्कशॉपमधूनच जावं लागे. बायकोच्या हातात तिच्याच रिपोर्टांची फाइल होती. बसमधून उतरताना ती म्हणाली होती, "घरात भाजी काहीच नाही," आणि तो म्हणाला होता, "बघू."

डेअरीवाला बॉनेट उघडून, तेल बघायची पट्टी हातात धरून उभा होता. माणूस जाडजूड आणि बोलका. गिऱ्हाइकाला दूध मोजून देता देता त्याच्या सासरची चौकशी करणारा.

"या मिस्त्री, बघा," तो म्हणाला. "मी दुधात चमचाभर पाणी घातलं तर अख्खी गल्ली माझ्या नावाने बोंब मारते. तुम्ही माझ्या तेलात तांब्याभर पाणी घातलंत. मी कुणाच्या नावाने मारू?"

शेजारचा टायरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बसला होता, तो हसला.

मिस्त्रीने पट्टी घेतली. दूध जास्त झालेल्या चहासारखं तेल. इंजिन त्यानेच बांधलं होतं, पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. रेडिएटरचं पाणी तेलात आलं होतं आणि ते कुठून आलं हे त्याला पट्टी पुसायच्या आतच कळलं. तरी त्याने पट्टी दोनदा पुसली, दोनदा बुडवून बघितली.

"कशाने झालं हे?" डेअरीवाल्याने विचारलं. आता तो हसत नव्हता.

मिस्त्रीच्या कानात सकाळपासून एकच आकडा वाजत होता, सहा. त्यात हे. आणि जिभेला काही हाड नसतं.

"बोल्ट हिने मांडले होते," तो म्हणाला. "पाण्यातले कुठले, कोरडे कुठले, त्यात घोटाळा केला. बायकामाणसांच्या हातात काम दिलं की असंच व्हायचं."

बायको दोन पावलांवर उभी होती. तिने त्याच्याकडे बघितलं. आटे झिजलेत का हे पाहायला ती बोल्ट उजेडात धरायची, तेव्हा जसं बघायची तसं. मग म्हणाली, "मी आत जाते," आणि फाइल घेऊन आत गेली.

हे मांडणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

इंजिनाच्या वरच्या भागाला हेड म्हणतात. ते खालच्या ब्लॉकवर मोठ्या बोल्टांनी आवळलेलं असतं. डेअरीवाल्याच्या गाडीला असे दहा बोल्ट. सगळे दिसायला सारखे, पण ज्या भोकात ते जातात ती भोकं सारखी नसतात. काही भोकांना तळ असतो, ती कोरडी. काही आरपार जाऊन थेट पाण्याच्या पोकळीत उघडतात. त्या भोकांतल्या बोल्टाचं टोक गाडी असेपर्यंत पाण्यात उभं असतं, आणि पाणी आट्यांआट्यांतून वर, तेलात चढायला बघतं. म्हणून त्या बोल्टांना पांढऱ्या ट्यूबमधलं सीलंट लावायचं. ते आट्यांत बसतं आणि पाण्याची वाट बंद करतं.

दुसरा एक डबा असतो, चंदेरी पेस्टचा. दुकानदार त्याला अँटी-सीझ म्हणतात. तापून, गंजून बोल्ट जागेवर धरून बसू नये, उद्या उघडायला गेलं तर सुखाने सुटावा, म्हणून ती पेस्ट. इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या धुराड्याच्या बोल्टांना ती हवीच. पण पाणी अडवणं तिला जमत नाही. ती गुळगुळीत असते, पाण्याला वाट देते.

लग्न झालं तेव्हा बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. वर्कशॉपमध्ये ती यायची ती जेवणाचा डबा घेऊन. मग सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायला लागली. मग एक दिवस तिने खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर हेडची आकृती काढली, आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्याला भोक पाडून खोचला. मिस्त्री म्हणाला होता, "हे काय, भरतकाम?" पण त्या दिवसापासून त्याच्या वर्कशॉपमध्ये बोल्ट कधी हरवला नाही.

पाण्याची भोकं ओळखायची तिची रीत होती. ब्लॉकच्या प्रत्येक भोकात सायकलच्या चाकाची तार घालायची. तार थांबली की कोरडं, जातच राहिली की पाणी. मग पुठ्ठ्यावर त्या भोकाभोवती लाल नेलपॉलिशने गोल काढायचा. नेलपॉलिश नखांना तिने कधी लावलं नाही, रॉकेलमध्ये टिकलं नसतं. बाटली हत्यारांच्या कपाटात असायची. मुलगी लहान असताना शाळेतून आली की आईशेजारी पालथी पडून तार घालायची आणि ओरडायची, "आई, पाणी." मुलीला बाराखडीच्या आधी पुठ्ठा वाचता येत होता.

डेअरीवाल्याचं इंजिन खोललं तेव्हा पाण्यातल्या चारांपैकी एक बोल्ट गंजून बसला होता. पाना लावला तर डोकं तुटून हातात आलं. उरलेला तुकडा ड्रिल करून काढण्यात मिस्त्रीचे दोन दिवस गेले आणि बोटांची सालटी निघाली. म्हणून परत बांधायची वेळ आली तेव्हा त्याने चंदेरी डबा उघडला.

बायकोने पुठ्ठा मांडून ठेवला होता. चार लाल गोल, आणि त्यांच्या शेजारी तिने स्वतः आणून ठेवलेली पांढरी ट्यूब.

"अहो, चारांना सील," ती म्हणाली.

"दिसतंय मला."

"मग डबा कशाला उघडलात?"

"पुढच्या वेळी हे काढायला मला परत दोन दिवस घालवायचे नाहीत."

"पाणी वर चढेल."

"इतकं आवळल्यावर कसलं चढतंय?"

"आणि पेस्ट लावून तेवढंच आवळलंत तर बोल्ट जास्त ताणला जाईल. घसरतो ना तो. मोजून आवळायचा पाना आकडा तोच दाखवेल."

"तू मला शिकव आता."

"मी नाही शिकवत, डब्यावर लिहिलंय. आणि ट्यूबवर लिहिलंय की सीलंटनेही गंज धरत नाही. वाचा की."

"चष्मा आत आहे."

"आणू?"

"नको," तो म्हणाला, आणि चारही बोल्ट चंदेरी पेस्टमध्ये बुडवले. ती हसली, डोकं हलवलं, आणि कपबश्या उचलून आत गेली. पाठीत दुखतं म्हणून तेव्हाही ती एक हात कमरेवर ठेवून चालत होती.

तर घोटाळा असा होता. मांडण्यात काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने एकट्याने हेड उघडलं. चारही बोल्ट सुखाने सुटले, अगदी त्याला हवे होते तसे. आट्यांत चंदेरी चिखल आणि त्यातून पाझरलेलं पाणी. त्याने ते चिंधीने पुसलं, चिंधी जाळून टाकली, तेल बदललं, नवे बोल्ट आणले, सीलंट लावलं, इंजिन बांधलं. बायकोला हाक मारली नाही आणि तीही आली नाही.

गाडी चांगली चालायला लागली. बायकोबद्दलचं त्याचं वाक्यही चालायला लागलं. टायरवाल्याने ते चहावाल्याला सांगितलं, चहावाल्याने सगळ्यांना. "वहिनींनी मांडलेत का बोल्ट, मग मी उद्या येतो," असं एक रिक्षावाला तिच्यासमोरच म्हणाला. ती म्हणाली, "उद्या या, पण मांडणार मीच आहे." सगळे हसले, तीही हसली. पण त्यानंतर तिने पुठ्ठा कापला नाही. विचारलं तर म्हणायची, वाकवत नाही आता. ते खरंही होतं. तेवढंच कारण असेल असं मिस्त्री स्वतःला सांगायचा. पण चोराच्या मनात चांदणं, त्याला ते पुरतं पटायचं नाही.

मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला. दर रविवारी फोन करायची. एका रविवारी त्याने बायकोला फोनवर हसत बोलताना ऐकलं. "अगं, चार बोल्टांचा घोटाळा झाला माझ्याकडून. हो ना. झाले म्हातारी." पलीकडून मुलगीही हसत असावी. तो दाराशी हात पुसत उभा होता. आत जाऊन फोन घ्यावा आणि सांगावं, एवढंच काम होतं. त्याने हात पुसले आणि परत वर्कशॉपमध्ये गेला.

शेवटी शेवटी ती खाटेवरच असायची. खिडकीतून वर्कशॉपची मागची बाजू दिसायची, तिकडे तोंड करून. एका संध्याकाळी तो तिला पेज भरवत होता.

"डेअरीची गाडी कशी आहे?" तिने विचारलं.

"चांगली आहे."

"चारांना सील लावलं ना?"

"लावलं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पुढचा चमचा नको म्हणून मान फिरवली.

त्याच्या तोंडात शब्द आला होता. पण ती दमली आहे, उद्या बोलू, असं ठरवून त्याने उशी सारखी केली. तिसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी सहा म्हटले होते, चारच मिळाले.

दिवसकार्य आटोपलं. मुलगी पंधरा दिवस राहिली. निघायच्या आदल्या दिवशी आईच्या कपड्यांची घडी घालता घालता म्हणाली, "बाबा, मी तिला उगाच हसले."

"कधी?"

"त्या बोल्टांवरून. म्हटलं, आई, तुझं शेवटी गणित चुकलंच. तिला लागलं असेल ते. तिला तेवढी एकच गोष्ट कुणी शिकवल्याशिवाय येत होती, आणि मी त्याच्यावरच हसले."

"तिला काही लागलं नाही," मिस्त्री म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?"

त्याला माहीत होतं. तो म्हणाला, "चहा घेतेस का?"

मुलगी गेल्यावर महिन्याभराने डेअरीवाल्याने दुसरी गाडी आणली. तीच बनावट, तेच इंजिन, हेड खोलायचं होतं. सोबत त्याचा मेहुणा होता, त्यालाही आपली गाडी दाखवायची होती. मेहुण्याने दबक्या आवाजात काहीतरी विचारलं. डेअरीवाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाही रे, निर्धास्त सोड. मागे एकदा झालं होतं, पण ते यांच्या हातून नाही. आता मिस्त्री एकटेच सगळं करतात." मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते, आणि तो घाईने म्हणाला, "म्हणजे वहिनी देवमाणूस होत्या हो. त्याबद्दल बोलायलाच नको."

मिस्त्रीने मान हलवली. काय म्हणून हलवली ते त्यालाच कळलं नाही. किल्ली घेतली आणि खिळ्याला लावली.

हेड खोललं. बोल्ट टेबलावर ओळीने ठेवायला लागला तेव्हा लक्षात आलं की आपल्याला यातला कुठला कुठे जातो ते पाठ नाही. तीस वर्षं काम केलं, त्यातली पंचवीस पुठ्ठ्यावर बघून. कपाटाच्या मागे पुठ्ठ्यांची थप्पी होती. तिने एकही फेकला नव्हता. चौथा की पाचवा काढला तो डेअरीच्या गाडीचा. कोपऱ्यात तिच्या अक्षरात लिहिलेलं, दूध. दहा भोकं, चार लाल गोल. आणि त्या चारांखाली पेन्सिलने बारीक, पांढरी ट्यूब.

त्याने सायकलची तार शोधली आणि या गाडीच्या ब्लॉकच्या प्रत्येक भोकात घालून बघितली. सहा ठिकाणी थांबली. चार ठिकाणी जात राहिली. तीच चार.

इंजिन बांधायला दोन दिवस लागले. चारांना सीलंट. चंदेरी पेस्ट फक्त धुराड्याच्या बोल्टांना. आवळताना प्रत्येक बोल्टाला पुठ्ठ्यावर बोट ठेवून मग पाना लावला. गाडी तयार झाली तशी तो ती स्वतः चालवत डेअरीवर घेऊन गेला, आणि पुठ्ठा शेजारच्या सीटवर ठेवला.

सकाळची गर्दी ओसरली होती. डेअरीवाला कॅन धूत होता.

"अरे, तुम्ही कशाला आलात? मी पाठवलं असतं कुणाला. बसा, ताक घ्या."

"बसत नाही. एक सांगायचं आहे." मिस्त्रीने पुठ्ठा काउंटरवर ठेवला. "मागच्या वेळी तुमच्या तेलात पाणी आलं, ते हिच्यामुळे नाही. हे बघा. हिने बरोबर मांडलं होतं. लाल गोल दिसतात ना, ते पाण्यातले. त्यांना सीलंट लावायचं, हिने मला तोंडाने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मी दुसरी पेस्ट लावली. पुढे उघडायला सोपं जाईल म्हणून. चूक माझी होती, आणि मी खापर तिच्यावर फोडलं. तुमच्यासमोर, टायरवाल्यासमोर."

हे सगळं तो एका दमात बोलला. रात्रंदिवस मनात घोळवलेलं होतं, म्हणून न अडखळता आलं, आणि त्यामुळेच पाठ केल्यासारखं वाटलं.

डेअरीवाल्याने हात पुसले. पुठ्ठ्याकडे बघितलं. त्याला त्यात भोकं पाडलेला एक पुठ्ठा दिसला असणार. मग तो बाहेर आला आणि मिस्त्रीचा दंड धरून त्याला स्टुलावर बसवलं.

"मिस्त्री, ऐका. माझी आई गेली तेव्हा मीपण असंच करायचो. तिने केलेल्या सगळ्या चुका मी केल्या म्हणून सांगायचो."

"तसं नाही."

"तसंच आहे. अहो, वहिनी स्वतः आल्या होत्या इथे."

"कधी?"

"तेव्हाच. गाडी परत तुमच्याकडून आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी रागात म्हणत होतो गाडी दुसरीकडे हलवतो, ते त्यांच्या कानावर गेलं असेल. लिटरभर दूध घेतलं, पिशवीही नीट धरवत नव्हती. म्हणाल्या, भाऊ, बोल्ट मी मांडले होते, घोटाळा माझा आहे, ह्यांचा हात चुकत नाही. ह्यांच्याकडची गाडी हलवू नका. आणि म्हणाल्या, मी आले होते हे ह्यांना सांगू नका." त्याने ताकाचा ग्लास भरला. "मी आजवर सांगितलं नव्हतं. आता तुम्ही असं काहीतरी घेऊन बसलात म्हणून सांगतो."

मिस्त्रीने काउंटरवरचा पुठ्ठा आपल्याकडे ओढला. म्हणाला, "ती खोटं बोलली."

"गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"अहो, खोटं बोलली ती. माझ्यासाठी बोलली."

"बरं," डेअरीवाला म्हणाला, लहान मुलाला म्हणावं तसं. "बोलल्या असतील. तुम्ही आधी ताक घ्या."

त्याने ताक घेतलं. दुसरं काय करणार. परत येताना तो टायरवाल्याकडे थांबला आणि त्यालाही सांगितलं. टायरवाल्याने ट्यूब घासणं थांबवून ऐकून घेतलं. म्हणाला, "सोडा ना मिस्त्री आता. कुणाच्या लक्षातसुद्धा नाही ते." चहावाला म्हणाला, "तुम्ही जेवलात का आज?" संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं होतं की बायको गेल्यापासून मिस्त्री स्वतःला बोल लावून घेतोय. दोन घरांतून डबे आले.

तिने स्वतःच्या तोंडाने शिक्का मारून ठेवला होता. तो आता कुणाच्या बोलण्याने निघणारा नव्हता. त्याच्या तर नाहीच.

पुठ्ठा त्याने हत्यारांच्या कपाटाच्या दाराला आतून खिळा ठोकून लावला. खाली सीलंटची पांढरी ट्यूब ठेवली आणि शेजारी नेलपॉलिशची बाटली. बाटलीतलं वाळून घट्ट झालं होतं. बूच फिरवून बघितलं, निघालं नाही. जोर लावला असता तर निघालं असतं. त्याने लावला नाही.

रविवारी मुलीचा फोन आला.

"काय केलंत आज?"

"डेअरीची दुसरी गाडी झाली. दिली."

"बोल्ट कुणी मांडले?"

"तिच्या पुठ्ठ्यावर बघून मांडले."

"तो चुकलेला पुठ्ठा ना? तपासून घेतलात ना बाबा?"

"तार घालून बघितली," तो म्हणाला.

"मग?"

वर्कशॉपच्या बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला. "कुणी आलंय," तो म्हणाला, "पुढच्या रविवारी बोलू." फोन ठेवून बाहेर आला तर ती गाडी टायरवाल्याकडे आली होती.

मुलगी गल्लीतल्या लोकांसारखी नाही. तिच्यासमोर पुठ्ठा ठेवला तर ती चार गोलांवर बोट ठेवेल, हातात तार घेईल आणि तिला लगेच कळेल. आपण आईला हसलो ते कुणाच्या चुकीवर हसलो, हेही कळेल. म्हणूनच तिला सांगणं अवघड आहे. दिवाळीपर्यंत, उन्हाळ्यापर्यंत अशी काही मुदत त्याने घातलेली नाही. त्यानंतरचे तीन रविवार येऊन गेले. मुलीला सांगायचं अजून राहिलं आहे.